व्हिसाची उचल

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका फर्मानावर सही केली, तेव्हा महाराष्ट्रात घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. एच-१बी व्हिसावर परदेशी तंत्रज्ञ आणू इच्छिणाऱ्या मालकाने यापुढे एक लाख डॉलर, म्हणजे सुमारे ८८ लाख रुपये, भरावेत असे ते फर्मान होते. अंमल २१ तारखेपासून. सुटीवर मायदेशी आलेल्या तंत्रज्ञांना मोठमोठ्या कंपन्यांनी तातडीचे निरोप धाडले, की मुदतीपूर्वी परत या. जे अमेरिकेत होते त्यांना बजावले, की देश सोडू नका. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला, की हा आकार केवळ नव्या अर्जांना आहे. तोवर अनेकांनी मिळेल त्या दराने तिकिटे काढली होती.

या घबराटीचे मूळ कशात आहे, याची चिकित्सा आपल्याकडे फारशी झाली नाही. वृत्तपत्रांनी डॉलरचा हिशेब मांडला. दिल्लीने कुटुंबांच्या ताटातुटीबद्दल चिंता व्यक्त केली. आणि काही पुरोगामी मंडळींच्या बोलण्यात तर समाधानाची छटा डोकावली: लोकांच्या पैशावर शिकून देश सोडून गेलेल्यांना बरी अद्दल घडली! हे समाधान समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. शिवाय ते अज्ञानमूलक आहे.

१९९० च्या कायद्याने निर्माण झालेला हा व्हिसा तंत्रज्ञाला मिळतो असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः त्यासाठी अर्ज करतो तो मालक. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, एवढेच नवे परवाने. मंजूर होणाऱ्या एकूण अर्जांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांचे. नोकरी बदलता येतच नाही असे नाही; परंतु नवा मालक नवा अर्ज करील तेव्हाच. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर बिऱ्हाड उचलायचे. भाड्याचे घर, गाडीचे कर्ज, मुलांची शाळा, सारे काही त्या ६० दिवसांच्या आत आवरायचे. २०२२-२३ मध्ये तेथील तंत्रज्ञान कंपन्यांनी कामगारकपात केली तेव्हा कितीतरी कुटुंबांनी हे दिवस बोटांवर मोजले.

बीडच्या कार्यकर्त्याला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. हंगामापूर्वी मुकादम कोयत्याला उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत ते जोडपे दुसऱ्याच्या फडात जाऊ शकत नाही. माणूस बेडीने बांधलेला नसतो, हिशेबाने बांधलेला असतो. अमेरिकेतील मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदार कंपन्यांचा व्यवहार याच जातीचा आहे. कंपनी तंत्रज्ञाला आपल्या नावावर नेते, तिसऱ्याच कंपनीत कामाला लावते, तासाचा दर स्वतः घेते आणि आपला वाटा कापून उरलेले त्याच्या हाती ठेवते. दोन कामांच्या मधल्या काळाला ‘बेंच’ म्हणतात. त्या काळातही पगार दिला पाहिजे असे तेथील कायदा सांगतो. पण ज्याचा मुक्कामच मालकाच्या अर्जावर अवलंबून आहे, तो मालकाविरुद्ध तक्रार करील कोणाकडे? फडातील पाचटाने हात कापून घेणारी बाई आणि वातानुकूलित दालनातला अभियंता यांच्या हालांची तुलना करणे हा अर्थातच अडाणीपणा ठरेल. तुलना हालांची नाही, बंधनाची आहे.

कायमच्या वास्तव्याच्या परवान्याची, म्हणजे ग्रीन कार्डाची, कथा याहून दारुण. नोकरीच्या आधारे वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे, आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. हाच नियम आइसलंडला आणि हाच भारताला! कुटुंबीय धरून दहा लाखांहून अधिक भारतीय या रांगेत आहेत. २०२५ साली जेमतेम २०१३ च्या सुमारास अर्ज केलेल्यांची पाळी येत होती. तिसऱ्या वर्षी आईचे बोट धरून गेलेले मूल रांगेतच एकवीस वर्षांचे झाले, की कायद्याच्या दृष्टीने ते त्या कुटुंबाचे राहत नाही. त्याने स्वतःचा व्हिसा मिळवावा किंवा ज्या देशाची भाषा त्याला धड येत नाही त्या ‘मायदेशी’ परतावे. पत्नी डॉक्टर असो वा अभियंता, २०१५ पर्यंत तिला नोकरी करण्याची मुभाच नव्हती. त्यानंतर मिळाली तीही पतीचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचला असेल तरच.

बुद्धिपलायनाची जुनी तक्रार खोटी होती असे नव्हे. पवईची आयआयटी १९५८ साली सोव्हिएत मदतीने आणि जनतेच्या पैशाने उभी राहिली. अशा संस्थांतून शिकून गेलेल्यांच्या मिळकतीवर कर बसवून तो गरीब देशांना द्यावा, ही कल्पना जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकातच मांडली होती. परंतु जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी १२९ अब्ज डॉलर धाडले, आणि तो आकडा मिरवणाऱ्या सरकारांनी ते धाडणाऱ्याच्या हक्कांची विचारपूस क्वचितच केली. वर्षानुवर्षे त्याचा उपयोग झाला तो स्टेडियममधील सभांची शोभा वाढवण्यापुरता.

दोष एकट्या सरकारांचा नाही. या तंत्रज्ञाला स्वतःला कामगार म्हणवून घेण्याची लाज वाटते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी शंभराहून अधिक भारतीयांना हातकड्या घालून अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, तेव्हा ‘आम्ही कायदेशीर मार्गाने आलो’ असा शहाजोग सूर याच वर्गातून उमटला. सात महिन्यांनी फर्मान निघाले ते कायदेशीर मार्गाने आलेल्यांवर.

तो ज्या दारातून गेला ते दार कोणी उघडले, हेही त्याला ठाऊक नसते. १९४६ पासून वर्षाला अवघे शंभर भारतीय, असा त्या देशाचा कोटा होता. वंशावर आधारलेली ही व्यवस्था १९६५ च्या कायद्याने मोडली, आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे बळ होते. मे १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊ पाहणाऱ्या डॉ. राममनोहर लोहियांना पोलिसांनी ताब्यात घेतले होते. लोहियांना तेथे नोकरी करायची नव्हती, स्थायिक व्हायचे नव्हते. आज त्या देशात सुस्थितीत असलेल्या भारतीयांपैकी काही जण मात्र सिएटल नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली तेव्हा तिच्या विरोधात उभे राहिले. देव्हाऱ्याबरोबर आणखी काय काय सामानात गेले, ते यावरून दिसते.

तेथील कामगाराचा राग निराधार नाही. आपल्या जागी येणाऱ्या स्वस्त परदेशी माणसाला काम शिकवून मग नोकरी सोडण्याची पाळी अमेरिकन तंत्रज्ञांवर २०१५ च्या सुमारास आल्याची उदाहरणे गाजली. पण परदेशी माणूस मालकाला स्वस्त पडतो तो त्याला सहज सोडून जाता येत नाही म्हणून. व्हिसा मालकाच्या हातून सोडवून कामगाराच्या हाती देणे, यात दोघांचेही हित आहे. ही मागणी दोघांनी मिळून केल्याखेरीज पदरात पडणार नाही, आणि एक लाख डॉलरच्या दंडाने तिच्याकडे एक पाऊलही पडत नाही. पुण्यात, बंगळूरमध्ये संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहू लागल्या आहेत. पक्षाच्या कामगार आघाडीने त्यांच्याशी नाते जोडले पाहिजे. परदेशी जाणारा तंत्रज्ञ विमानात बसण्यापूर्वी संघटनेचा सभासद झालेला असावा.

दिल्लीकडे करावयाची एक मागणी तर अगदी साधी आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के कापले जातात, मालकही तेवढेच भरतो. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र साधारण दहा वर्षे भरणा झाल्यावर मिळतो, आणि एच-१बीची मूळ मर्यादा आहे सहा वर्षांची. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी भारताने या बाबतीत करार केले. अमेरिकेशी बोलणी वर्षानुवर्षे रेंगाळली. २०२५ मध्ये व्यापार कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा आयातकर आणि शेतमाल यांची चर्चा गाजली, या पैशाचा उल्लेखही फारसा कानी आला नाही. सहा वर्षे राबून पुण्याला परतलेल्या तंत्रज्ञाजवळ त्या रकमेपैकी उरतो तो जुन्या पगारपत्रकांवरचा कपातीचा आकडा.