काळेवाडीची झोप आणि मक्तेदारांचे संशोधन

पवना नदीचा पूल ओलांडून पिंपरीहून काळेवाडीत शिरले की तापकीरनगर, विजयनगर, नढेनगर अशा वस्त्यांतून दाटीने उभी असलेली घरे लागतात. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून पोटासाठी आलेली माणसे येथे भाड्याच्या एक-दोन खोल्यांत राहतात आणि पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करतात. कंत्राटी कामगाराला तर पुढच्या आठवड्याची पाळी कोणती, हेही आधी ठाऊक असेलच असे नाही. अशा खोलीच्या भिंतीवर टांगलेला स्मार्ट टी.व्ही. ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. तो बहुधा मासिक हप्त्यावर आलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरील संचांचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यावर मोठ्या संचाचा मोह पडला, तर त्यात कामगाराचा काही गुन्हा नाही.

या संचाभोवती एक नवे शास्त्र उभे राहिले आहे. त्याचे नाव ‘यूझर एक्सपीरियन्स रिसर्च’, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाचे संशोधन. अक्षरे खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वाचता येतात का, रिमोटवरचे बटन अंधारात सापडते का, प्रेक्षकाची नजर पडद्यावर प्रथम कोठे जाते, हे माणसांना बसवून, विचारून, त्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपून ठरविले जाते. या कामात मुळात वाईट काहीच नाही. वृद्ध आजीबाईंना एका बटनात ‘सह्याद्री’ वाहिनी लागली, तर या शास्त्राचे स्वागतच करावे लागेल. परंतु तसे घडत नाही. संच सुरू करताच समोर येतात त्या कंपन्यांच्या जाहिराती, आणि रिमोटवरील मोक्याची बटने त्यासाठी पैसे मोजणाऱ्या कंपन्यांच्या नावाची असतात. मग संशोधन कशाचे झाले, आणि कोणाच्या हितासाठी?

उत्तर खुद्द मालकवर्गानेच दिलेले आहे. नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीचे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले की आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. एक भाग संपताच काही सेकंदांत दुसरा आपोआप सुरू होतो, तो योगायोगाने नव्हे. एका घराला एक पडदा, दुसऱ्या घराला दुसरा पडदा दाखवून लोक कोठे अधिक वेळ खिळून राहतात, हे मोजले जाते. आणि हा प्रयोग आपल्यावर चालू आहे, याची कल्पना सहसा कोणत्याच घराला नसते. रात्रपाळी करून सकाळी घरी परतलेल्या, दिवसाउजेडी डोळा लागण्यासाठी धडपडणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने झोप ही काय वस्तू आहे, हे त्या संशोधकांना कोणी विचारावयास सांगितले नाही. प्रेसवर हात ठेवणाऱ्या माणसाची झोप कमी पडली, तर बोटे जातात. पडदा खिळवून ठेवतो तो वेळ कंपनीच्या जमाखात्यात मांडला जातो. तुटलेले बोट कोणाच्याच खात्यात मांडले जात नाही.

दुसरा धंदा याहून छुपा आहे. पडद्यावर काय चालले आहे, त्याचे ठसे घेऊन ते कंपनीकडे पाठविण्याची यंत्रणा अनेक संचांत बसविलेली असते. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने १ कोटी १० लाख संचांतून अशी माहिती संमतीविना गोळा केल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटविले. धडा घेतला म्हणावे, तर २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत त्याच कंपनीचा जाहिराती व माहिती यांवरील नफा संच विकण्यावरील नफ्याच्या सुमारे दुप्पट निघाला! लंडन, माद्रिद व कॅलिफोर्नियातील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत दोन बड्या कोरियन कंपन्यांचे संच तपासले. संचाला संगणक जोडून त्याचा केवळ पडदा म्हणून उपयोग केला, तरी ठसे पाठविणे चालूच राहते, असे त्यांना आढळले. सोय शोधून बंद केल्यावर मात्र ते थांबले.

येथे कंपन्यांचे वकील म्हणतात की याच मिळकतीमुळे संच स्वस्त पडतो, आणि ग्राहकाने ‘सहमत’ हे बटन स्वतःच दाबलेले असते. वा रे सहमती! इंग्रजीतील पानेच्या पाने, ती रिमोटने सरकवायची, आणि नकार दिला तर घेतलेला संच धड चालेल की नाही याची शाश्वती नाही. कामगार हप्ते भरून संचाची किंमत चुकवितो, आणि नंतर घरातल्या सवयी देऊन पुन्हा चुकवितो.

प्रेक्षकाचा अभ्यास वेगळ्या रीतीनेही करता येतो, हे या देशाने पाहिले आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत ‘साइट’ हा दूरचित्रवाणीचा प्रयोग चालला. महाराष्ट्र त्यात नव्हता. तो काळ आणीबाणीचा होता, विरोधी पक्षांचे कार्यकर्ते तुरुंगात होते, आणि सरकारी पडद्यावर कोणाचा उदोउदो चालला असेल हे सांगावयास नको. तरीही त्या प्रयोगातील अभ्यासक काही गावांत महिनोन्‌महिने मुक्कामाला राहिले. शेती, आरोग्य, शिक्षण यांविषयी पाहिलेल्यातून माणसाच्या पदरात काय पडले, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याची उत्तरे अहवालांतून लोकांपुढे आली. आजच्या कंपन्यांचे निष्कर्ष तिजोरीत बंद असतात. ज्यांच्यावर प्रयोग झाला, त्यांनाच ते पाहण्याची बंदी!

सरकारने कायदा केला आहे, असे सांगितले जाईल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने पाळण्यासाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती लुटली गेली त्याला कवडी नाही. उलट माहिती-तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचे जे कलम होते, तेच या कायद्याने रद्द करण्याची तरतूद केली. शिवाय खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल नागरिकालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड!

तथापि या कायद्यात हाती धरण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. संमतीची सूचना आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला पाहिजे. दुसरे, १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. काळेवाडीतील एका खोलीच्या घरात संच एकच असतो, आणि त्यापुढे बाप, आई, आजी व पोरे एकत्र बसतात. यांतले मूल कोणते, हे संचाला कसे कळणार? कळत नसेल, तर ठसे घेणारी यंत्रणा कारखान्यातूनच बंद अवस्थेत आली पाहिजे आणि ज्याला हवी त्याने ती सुरू करावी, ही मागणी कामगार संघटनांनी व ग्राहक पंचायतींनी लावून धरावयास हवी. तोपर्यंत वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी संध्याकाळच्या बैठकांत संचाची ‘सेटिंग’ उघडून ती यंत्रणा आणि पुढचा भाग आपोआप सुरू करणारी सोय कोठे बंद करायची, हे घरोघर दाखवावे. त्याला दहा मिनिटे पुरतात.