पाच स्वर पाठ झाले म्हणजे सोलो येत नाही

यूट्यूबवर लीड गिटार शिकवणारे व्हिडिओ शोधा. आश्वासनं ठरलेली आहेत: १० मिनिटांत सोलो, आठवड्यात वेग, ५ आकार पाठ करा आणि अख्खी गिटार तुमची. माझं म्हणणं सरळ आहे. यातले बहुतेक व्हिडिओ तुम्हाला फक्त पुढचा व्हिडिओ बघायला शिकवतात. शिकायचं असेल तर कोणता व्हिडिओ बंद करायचा, हे आधी कळायला हवं.

ए मायनर पेंटाटॉनिक घ्या. पाचव्या फ्रेटवरचा तो आकार जिथे तिथे भेटतो. स्वर पाचच: ए, सी, डी, ई, जी. ज्याने राग धानी ऐकलाय त्याला ते ओळखीचे वाटतील: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आता कोणी पेटीवर हे पाच स्वर दाखवून 'झालं, धानी आला' म्हणालं तर आपण हसू. गिटारवर तेच केलं की मात्र सबस्क्राइब करतो.

त्या आकारात जे सांगितलं जात नाही, तिथेच सोलो सुरू होतो. मागे ए मायनर, एफ, जी असे कॉर्ड चालू आहेत. ए हा स्वर पहिल्या दोन्ही कॉर्डमध्ये असतोच, त्यामुळे तो तिथे निवांत बसतो. जी आला की तोच लोंबकळायला लागतो; एक पायरी खाली जीवर उतरलात की वाक्य पूर्ण होतं. कुठे थांबायचं हे ज्या व्हिडिओत नाही, तो बोटांची कवायत शिकवतो.

बेंडचंही तसंच. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला डी आहे. तार ओढून त्याचा ई करायचा. तो ई नीट लागला का? शेजारच्या दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला तयार ई बसलेला आहे. आधी तो वाजवा, मग ओढा, जुळवा. हे सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. जो हे न सांगता पुढची करामत दाखवतो, त्याला तुमच्या सुराची पडलेली नाही. मींड बेसूर जात असताना कुठला गुरू पुढची तान देतो?

राहिला वेग. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नसे. ओळ गाऊन झाली की गिटार तिला उत्तर द्यायची. म्हणून जो शिक्षक लिक आधी तोंडाने गाऊन दाखवतो, मध्ये जागा सोडतो, तो निवडा. तुम्हाला गाता येत नाही ते बोटांना सुचणार कुठून?

यावर नेहमीचं उत्तर येतं: तालुक्याच्या गावात लीड गिटारचा शिक्षक आणायचा कुठून? फुकट मिळतंय त्याला नावं कशाला ठेवता? अडचण खरी आहे, आणि जस्टिन सँडरकोसारखी माणसं वर्षानुवर्षं क्रमवार धडे फुकट देत आली आहेत, हेही खरं. पण म्हणूनच निवड कडक हवी. समोर बसलेला गुरू अडवतो. 'हे आधी नीट कर, मग पुढे', असं म्हणतो. व्हिडिओ कधीच अडवत नाही. तो संपायच्या आत पुढचा तयार असतो. अडवायचं काम आता तुमच्या अंगावर आलंय.

तेव्हा तीन प्रश्न विचारा. शिक्षकाने सावकाश, मागे कॉर्ड लावून वाजवून दाखवलं का? हा स्वर इथेच का, हे सांगितलं का? आणि शेवटी फोन बाजूला ठेवून करण्यासारखं काही काम दिलं का? एकाचंही उत्तर नाही आलं तर पुढे सरका. तिन्ही हो आली, तर महिनाभर दुसरा व्हिडिओ उघडू नका. त्याच चार स्वरांची स्वतःची दहा वाक्यं करा. 'नंतर बघू' म्हणून साठवलेली यादी आज रात्रीच रिकामी केलीत तरी तुमचं काही अडणार नाही.