कुर्डीचे देणे

मे महिन्यात साळावली धरणाचे पाणी उतरले की कुर्डी वर येते. दक्षिण गोव्यातल्या सांगे तालुक्यातले हे गाव १९८६ च्या सुमारास पाण्याखाली गेले. आता वर येतात ती घरांची जोती, फुटकी भांडी, झाडांचे काळे बुंधे, पाटांच्या खुणा आणि मैलभर पसरलेला भेगाळलेला गाळ. सोमेश्वराचे देऊळ मात्र अजून उभे आहे. मेच्या तिसऱ्या रविवारी जुने गावकरी पोराबाळांसह इथे जमतात. हिंदू देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाचे फेस्त करतात. पावसाळा आला की गाव पुन्हा पाण्यात.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर बुडालेले गाव कशाला, असे कुणी विचारील. नरकचतुर्दशीच्या पहाटे मडगाव-वास्कोच्या घरांत अभ्यंगाला तापणारे पाणी साळावलीचेच असते, एवढे कारण आम्हाला पुरेसे वाटते.

कुर्डी तसे साधेसुधे गाव नव्हते. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली इथे जन्मल्या. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान शेजारी राहत; भात, नारळ, काजू पिकत. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात आले आणि या धरणाने साऱ्या दक्षिण गोव्याचे भले होईल, असे त्यांनी लोकांना समजावले. तीन हजारांवर माणसे उठली, वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत गेली. कदंबकालीन महादेव मंदिर दगड न् दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा जसेच्या तसे उभारले गेले. देवाचे पुनर्वसन आपल्याकडे नेहमीच काळजीपूर्वक होते.

धरण बांधायला नको होते, असे आम्ही म्हणणार नाही. दक्षिण गोव्याच्या घशाला त्याने पाणी दिले. कोयनेच्या विजेशिवाय महाराष्ट्रातल्या कारखानदारीची कल्पनाही करता येत नाही. नेहरूंनी १९५४ मध्ये नांगलला अशा प्रकल्पांना नव्या भारताची देवालये मानले. त्याच नेहरूंनी चारच वर्षांनी, भव्यतेचा सोस हा एक रोग आहे, असे अभियंत्यांना बजावले. पण पाठ्यपुस्तकात पहिले भाषण गेले, दुसरे राहून गेले. देवालय म्हटले की त्यापुढे अर्पण आले. इथे अर्पण कुणाचे होते, हे विचारायची पद्धत नव्हती.

अशा अर्पणाचे देणे कसे फेडायचे, या प्रश्नावर आम्हाला ख्रिस्ताची शिकवण जवळची वाटते. क्षमेविषयीची ती शिकवण आपण अर्धीच लक्षात ठेवतो. भावाला कितीदा क्षमा करू, सातदा का, असे पेत्राने विचारले तेव्हा येशूने त्या साताला सत्तराने गुणले. हा हिशेब सर्वांना आवडतो, विशेषतः ज्यांना क्षमा हवी असते त्यांना. पण त्याच मत्तयाच्या शुभवर्तमानात वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसालाही सांगितले आहे: आपल्यावर भावाचा काही राग आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. म्हणजे चालत जायचे ते दुखावणाऱ्याने.

आणि लूकने सांगितलेला जक्कय. यरीहोच्या जकातदारांचा मुख्य, पैसेवाला, ठेंगणा. गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला. येशूने त्याला खाली बोलावले आणि त्याच्याच घरी उतरणार म्हणून सांगितले. लोक कुरकुरले, पाप्याचा पाहुणा म्हणाले. येशूने हिशेब मागितला नाही. जक्कयच उभा राहिला, निम्मी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले. प्रेम आधी आले, परतफेड त्याच्या मागोमाग आली. ती टळली नाही. गोव्यात कुमसार म्हणजे पापकबुली करून आलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा. पाद्री पापक्षमा देतो, पण दुसऱ्याचे घेतलेले परत करायलाही सांगतोच.

धरणांच्या बाबतीत आपण क्षमा परस्पर गृहीत धरली. मुळशीचे मावळे १९२१ मध्ये तिथल्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर लढले आणि हरले. कोयनेच्या खोऱ्यातून उठलेल्यांची कुटुंबे साठ वर्षांनीही जमिनीसाठी धरणे धरत राहिली. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा लोकांना द्यावी लागली, यातच सगळे आले. कुर्डीची गोष्ट आणखी बोचरी आहे. सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळावे म्हणून गाव सोडलेल्यांच्या वाडे वसाहतीतल्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये आटू लागतात आणि मग सरकारी टँकरची वाट पाहावी लागते, असे २०१९ च्या उन्हाळ्यात पत्रकारांनी नोंदवले होते.

तरीही मेमधल्या त्या रविवारी गावकरी घोषणा देत नाहीत. शेजारच्याचे जोते कोणते, शाळा कुठे होती, हे नातवंडांना दाखवतात, पूजा करतात, मीस ऐकतात, जेवतात आणि परततात. त्यांनी आपल्याला क्षमा केली आहे की नाही, ते तेच जाणोत. आपण मात्र ती अजून मागितलेली नाही.

ज्या गावाने जमीन दिली, त्या गावाचा पाण्यावर पहिला हक्क, हे वाक्य प्रत्येक धरणाच्या कागदपत्रात यावे आणि जुन्या धरणांनाही लागू व्हावे, अशी आमची मागणी आहे. सरकारे ती मानतील तेव्हा मानतील. वाचकहो, तुमच्या नळाला कोणत्या धरणाचे पाणी येते ते विचारा. त्यासाठी कोणते गाव उठले आणि ती माणसे आज कुठे राहतात, तेही शोधा. दिवाळीच्या सुट्टीत तिथे एकदा जाऊन या. फराळाचा डबा न्या, सल्ला नेऊ नका. तिथे जे ऐकाल ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवतो आहोत.