तळव्यातले मुके शल्य

माणसाच्या पायाला कुरूप झाले, की तो चपलेला दोष देतो. अनवाणी चालणाऱ्या कुत्र्यालाही कुरूप होते, हे मात्र अनेकांच्या ध्यानीमनी नसते. सडपातळ, वेगवान ग्रेहाउंड जातीत हा विकार विशेष आढळतो. आपला मुधोळ हाउंड याच बांध्याचा. भोरप्रमाणेच मुधोळ हेही दख्खनचे संस्थान. तेथील घोरपडे राजघराण्याने जोपासलेल्या या जातीवर भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीट काढले. म्हणून अशी कुत्री पाळणाऱ्यांनी हा विकार ओळखून असावे.

कुरूप बहुधा पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गादीवर होते, कारण शरीराचा भार तेथे अधिक पडतो. गादीत खिळा ठोकावा तसा गोल, टणक, फिकट ठिपका दिसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. भाताच्या खाचराच्या मऊ बांधावर कुत्रे नीट चालते. पण वेल्ह्याच्या मुरमाड वाटेवर किंवा भोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर आले, की तोच पाय उचलून धरते. घरचे म्हणतात, ‘वय झाले’, ‘लचक भरली’. वेदनाशामक गोळ्या सुरू होतात आणि तळवा कोणी उलटून पाहत नाही. मुका जीव महिनोन् महिने लंगडत राहतो.

पशुवैद्य कुरुपाचा कठीण गाभा कडेने अलगद सोडवून काढतात. आराम लगेच पडतो. परंतु काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कुरूप बहुधा परतते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर हे केवळ व्याज फेडणे झाले. मुद्दल आहे ते हाडाचा गादीवर पडणारा दाब. तो हलका करण्यासाठी बाहेर नेताना मऊ तळाचे बूट घालावेत, मातीची वाट निवडावी, घरात जाड सतरंजी अंथरावी. पावसाळ्यात बूट ओले राहू देऊ नयेत; घरी येताच काढून पाय कोरडे करावेत. एवढ्याने भागले नाही, तर बोट खाली ओढणारी कंडरा छेदण्याची शस्त्रक्रिया असते. तिने त्या जागेवरचा दाब घटतो. बोट काढून टाकणे हा अगदी अखेरचा मार्ग. कारण मग भार शेजारच्या बोटावर जातो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. घरी पात्याने कुरूप कापू नये आणि माणसांची कुरुपाची पट्टी लावू नये. तिच्यातील सॅलिसिलिक आम्ल निरोगी कातडीही जाळते आणि कुत्र्याने चाटल्यास पोटात जाऊन अपाय करते.

वाचकहो, कुत्रे लंगडू लागले, तर गोळीच्या आधी त्याचा तळवा हाती घेऊन पाहा. जे त्याला सांगता येत नाही, ते तेथे दिसेल.