ढगातले बिऱ्हाड आणि भाडेकराराची कलमे

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आपल्याच कचेरीची टपालपेटी उघडेनाशी झाली. गुजरातेतील वाडीनार येथे वर्षाला सुमारे दोन कोटी टन तेल शुद्ध करणारा या कंपनीचा कारखाना जागच्या जागी होता. यंत्रे, वीज, माणसे यांपैकी कशातही बिघाड नव्हता. थांबली होती ती ई-मेलची आणि आपसांतील संपर्काची संगणकीय सेवा, आणि ती मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती. नायराच्या भागभांडवलात रशियाच्या रोझनेफ्त कंपनीचा ४९ टक्क्यांहून अधिक वाटा आहे. युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध जाहीर केले आणि चारच दिवसांत ही सेवा बंद झाली. पैसे भरलेले आहेत, आणि भारताच्या वा अमेरिकेच्या कोणत्याही कायद्याने सेवा तोडण्याची सक्ती केलेली नाही, असे म्हणत कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

वस्तुतः ते तेथे मिटावयास नको होते. नायरासारख्या बड्या कंपनीला आठवडाभरात उच्च न्यायालयाचे दार ठोठावता आले. तीच वेळ एखाद्या पतपेढीवर, महाविद्यालयावर किंवा इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्यावर आली असती तर काय झाले असते, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण आता ही सारी मंडळी आपली खातेवही, पगारपत्रके, गुणपत्रिका आणि पत्रव्यवहार ‘क्लाउड’वर ठेवू लागली आहेत.

ढग हा शब्दच मुळी फसवा आहे. आकाशात काही नसते. मोठमोठ्या इमारतींत, अखंड वीज आणि थंड हवा पुरवून, हजारो संगणक रचून ठेवलेले असतात आणि ते तासाच्या हिशेबाने भाड्याने दिले जातात. अ‍ॅमेझॉनने हा धंदा २००६ साली सुरू केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई परिसरांत आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली. म्हणजे पुष्कळदा हा ढग आपल्याच अंगणात असतो; त्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या कनवटीला असते.

भाड्याने घेण्यात शहाणपण आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी लाखो मुले आणि त्यांचे पालक एकाच घटकेला संकेतस्थळावर तुटून पडतात. त्या गर्दीला पुरतील एवढे संगणक विकत घेऊन ठेवले, तर ते उरलेले जवळजवळ वर्षभर धूळ खात पडतील. लग्नासाठी मांडव भाड्याने आणावा, बांधून ठेवू नये, हे व्यवहारज्ञान आपल्याला नवे नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर स्थिर खर्चाचे रूपांतर बदलत्या खर्चात होते, आणि नव्या उद्योजकाला भांडवलाची जी पहिली उंच पायरी चढावी लागे ती खाली येते. नेटफ्लिक्स या चित्रपट कंपनीचा माहितीसाठा २००८ साली बिघडला आणि तीन दिवस तिला ग्राहकांकडे तबकड्या पाठविता आल्या नाहीत. त्यानंतर तिने आपला कारभार हळूहळू अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर नेला. हे स्थलांतर पुरे व्हावयास जानेवारी २०१६ उजाडला. आज नोंदणी केली आणि उद्या बिऱ्हाड हलविले, असा हा मामला नव्हे, हे त्या सात वर्षांवरून ध्यानात यावे.

तथापि मांडवाचे गणित रोजच्या राहत्या घराला लावता येत नाही. ज्या संस्थेचे काम बारा महिने साधारण सारखेच चालते, तिला भाडे महाग पडण्याचा संभव अधिक. ‘३७सिग्नल्स’ या अमेरिकेतील छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे क्लाउडचे बिल २०२२ साली सुमारे ३२ लाख डॉलर झाले. तिने स्वतःचे सर्व्हर विकत घेतले, आणि बिल निम्म्याहून खाली आल्याचे पुढे जाहीर केले. ड्रॉपबॉक्सने तिच्या आधीच बराचसा साठा स्वतःच्या यंत्रांवर आणला होता. दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे तिने २०१८ च्या भागविक्रीच्या वेळी नमूद केले. यावरून क्लाउड वाईट असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. या दोन्ही कंपन्यांजवळ यंत्रे सांभाळणारी जाणती माणसे होती, आणि आपली गरज किती याचा नेमका हिशेब होता. बहुतेकांजवळ या दोहोंपैकी एकही नसते.

खरेदी समितीचा अस्त

हिशेब का नसतो, याचे कारण कोणत्याही कचेरीतील कारकून चटकन ओळखील. पूर्वी संगणक घ्यावयाचा तर मागणीपत्र, तीन दरपत्रके, खरेदी समिती, लेखापालाचा शेरा आणि साहेबांची सही असा प्रवास होई. त्या प्रवासाला सगळे कंटाळलेले असत, आणि त्यात कालापव्ययही होता. पण खर्च होण्यापूर्वी कोणीतरी ‘हे कशाला?’ असे विचारीत असे. क्लाउडमध्ये एखादा तरुण अभियंता दुपारी चाचणीसाठी चार यंत्रे सुरू करतो, काम झाल्यावर बंद करावयास विसरतो, आणि ती रात्रंदिवस मीटर चालवीत राहतात. बिल महिन्याने येते, तेही शेकडो ओळींचे आणि लेखापालाला न कळणाऱ्या भाषेत. भांडवली खर्चाला जी चाळणी होती ती महसुली खर्चाला राहिली नाही. म्हणून प्रत्येक यंत्राच्या नावापुढे ते कोणत्या विभागाचे आणि कोणत्या कामाचे हे लिहिणे, रात्री व सुटीच्या दिवशी नको असलेली यंत्रे आपोआप बंद करणे, आणि दरमहा अभियंता व लेखापाल यांनी एकत्र बसून बिल वाचणे, ही साधी कामे कोणत्याही नव्या तंत्रापेक्षा अधिक पैसा वाचवितात. ती दिसावयास दिमाखदार नसल्यामुळे मागे पडतात, एवढेच.

आत येणे फुकट, बाहेर जाणे विकत

याहून गंभीर गोष्ट घर सोडण्याची. माहिती क्लाउडमध्ये भरावयास साधारणतः पैसे पडत नाहीत. बाहेर काढावयास पडतात. २०२४ मध्ये गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांपुरते हे शुल्क माफ केले. त्यामागे औदार्य किती आणि युरोपातील नव्या कायद्याची चाहूल किती, हे वाचकांनीच ठरवावे. त्या कायद्याप्रमाणे १२ जानेवारी २०२७ पासून पुरवठादार बदलण्याबद्दल शुल्क घेण्यास युरोपीय संघात मनाई होईल. परंतु शुल्क हा बेडीचा लहानसा भाग. आपल्या आज्ञावल्या एकाच विक्रेत्याच्या खास सोयींना जुळवून लिहिल्या की त्या दुसरीकडे जशाच्या तशा चालत नाहीत. त्या पुन्हा लिहाव्या लागतात. भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने घरात भिंती उभाराव्यात आणि घर सोडताना त्या तेथेच राहाव्यात, तसे हे आहे. काही सोयी इतक्या उपयुक्त असतात की बेडी पत्करणेही परवडते. मात्र ती आपण पत्करीत आहोत याची जाणीव आधी हवी.

एकच घरमालक धरल्याने काय होते, हे २० ऑक्टोबर २०२५ रोजी दिसले. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील अ‍ॅमेझॉनच्या केंद्रसमूहात एका महत्त्वाच्या माहितीसेवेच्या पत्त्याची नोंद स्वयंचलित व्यवस्थेतील दोषामुळे कोरी झाली. यंत्रे शाबूत असून सापडेनाशी झाली. त्याचा फटका ब्रिटनमधील बँकांच्या ग्राहकांपर्यंत पोहोचला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीवर आलेला प्रसंग तर याहून बोलका. गूगलच्या माणसांकडून एका साधनातील रकाना कोरा राहिला होता. मुदत संपताच निधीची तेथील व्यवस्था आपोआप पुसली गेली. दोन ठिकाणी राखलेली जोडव्यवस्थाही एकाच खात्यातील असल्याने एकदमच गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. पुनर्रचनेला मोठा हातभार लागला तो दुसऱ्याच पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रतीचा.

मग सारे आपल्याच घरी ठेवावे काय? दक्षिण कोरियाच्या सरकारने तसेच केले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी केंद्राला आग लागून ७०९ शासकीय प्रणाली बंद पडल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा भस्मसात झाला. त्याची दुसरी प्रत नव्हती. तेव्हा घर स्वतःचे की भाड्याचे, हा वाद जितका गाजतो तितका निर्णायक नाही. दुसरी प्रत दुसऱ्याच्या ताब्यात आहे काय, आणि ती प्रत्यक्ष उघडून कधी पाहिली होती, हा प्रश्न निर्णायक आहे.

लहानांचे काय?

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये संगणकसेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश काढले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते, आणि सेवा सोडण्याची योजना आधीच तयार असली पाहिजे, असे त्यांचे सार आहे. निर्देश उत्तम, पण पहिल्या व दुसऱ्या स्तरातील, म्हणजे लहान, नागरी सहकारी बँकांना त्यांतून वगळण्यात आले होते. लहान बँकेला एवढा खटाटोप झेपणार नाही, ही दृष्टी त्यामागे असावी. ती अयोग्य म्हणता येत नाही. परंतु खटाटोप माफ झाल्याने धोका माफ होत नाही. देशातील सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांचे ठेवीदार शिक्षक, कारकून व निवृत्त माणसेच आहेत.

लहान संस्थेला मोठ्या विक्रेत्याशी घासाघीस करता येत नाही. छापील करारावर ती सही करते. एकट्याला जे साधत नाही ते दहाजणांनी मिळून करावे, हा सहकाराचा मार्ग महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. २ मार्च २०२४ रोजी नागरी सहकारी बँकांच्या राष्ट्रीय शिखर संस्थेचे उद्घाटन झाले. सभासद बँकांना सामायिक संगणकीय सोयी पुरविणे हा तिच्या उद्दिष्टांचा भाग आहे. त्यानंतर पाचच महिन्यांनी, जुलैअखेरीस, लहान बँकांना अशीच सामायिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोरांचा संगणकीय हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला देशाच्या देयकव्यवस्थेपासून तात्पुरते तोडावे लागले आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. एकत्र येण्याने भाव कमी होतो तसा धोकाही एकवटतो. त्यामुळे सामायिक करारात दराच्या कलमाइतकीच इतर कलमेही वाचली पाहिजेत: सूचना न देता सेवा थांबविता येईल काय, कोणत्या देशाच्या कायद्याखाली, माहितीची प्रत कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल, आणि दुसरी प्रत कोणाकडे राहील.

कोविडच्या काळात, २०२० व २०२१ मध्ये, अनेक संस्थांनी घाईघाईने असे करार केले. ज्यांनी पाच वर्षांची मुदत घातली होती त्यांच्या नूतनीकरणाची वेळ आता आली आहे. ते कागद संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेवर ‘चर्चेसाठी’ या सदरात येतात, की चहा येता येता ‘मंजुरीसाठी’ या सदरात, ते पाहावयाचे.