नावांपेक्षा प्रहर महत्त्वाचा

पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव जवळ आला की यंदा कोण गाणार, याचे अंदाज सुरू होतात. इगतपुरीच्या रसिकाला तर घाट उतरून, कल्याणमार्गे पुणे गाठायचे, म्हणून दिवस आधीच ठरवावा लागतो. पण नावांपेक्षा रागांचा अंदाज अधिक खात्रीने बांधता येतो. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्रभर रंगे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी, सवलतीचे मोजके दिवस सोडता, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद केले आणि मैफली दुपारकडे सरकल्या. म्हणून दुपार-सायंकाळचे मुलतानी, मारवा, यमन हे राग हमखास कानी पडतील. पहाटेचा ललत मात्र दुर्मीळच. रागसमय हा निव्वळ संकेत आहे, कर्नाटक संगीत तो फारसा पाळत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याचा कान याच संकेतावर घडला आहे. मारव्यात षड्ज लांबणीवर टाकत वाढवलेली हुरहूर मावळतीलाच पुरती भिडते. शेजाऱ्याची झोपही मोलाची, त्यामुळे रात्री दहाचा नियम योग्यच. म्हणूनच आयोजकांनी सकाळच्या रागांना दरवर्षी हक्काचे सत्र द्यावे आणि वेळापत्रक लवकर जाहीर करावे.