एक लेन मोकळी ठेवा

२६ जुलै २००५ च्या संध्याकाळी मी बस घेऊन कुर्ल्याला, एलबीएस मार्गावर अडकलो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पण आमचा रस्ता नुसत्या पाण्याने बंद झाला नव्हता. पुढे वाट नाही हे ठाऊक नसल्याने मागून येणाऱ्या गाड्यांनी तो बुजवला. ॲम्ब्युलन्स जागच्या जागी कोकलत राहिली.

म्हणून या जुन्या ड्रायव्हरचं म्हणणं साधं आहे. आपत्तीत गाड्या पुढे रेटू नका, मागच्या नाक्यावरच वळवा. एक लेन ॲम्ब्युलन्स, बंब आणि बससाठी राखा. कुठला नाका कोणी अडवायचा, क्रेन कुठे उभी करायची, हे मे महिन्यातच ठरवा. पाणी कमरेला लागल्यावर नकाशा उघडून काय उपयोग?